वीस इंच

हिल्डा डिमेलो, वय ब्याऐंशी, उपाशीपोटीची साखर,
माथारपाखाडी, लाकडी जिना, वर डावीकडे.
चिठ्ठीवर एवढंच होतं.
शीर सापडेना, म्हणून मी मूठ आवळायला सांगितलं,
तर म्हणाली, तू धापा का टाकतोयस?

स्कूटर पुलाखाली लावून चालत येतो, म्हणालो.
या नळ्यांना दोन तासांची मुदत,
निम्मी जागा शोधण्यातच जाते.

तिने कापूस कोपराच्या घडीत दाबून धरला
आणि हनुवटीने माळा दाखवला.

खाली उतरवली तेव्हा सायकल वाटलीच नाही.
चादरीत गुंडाळलेलं काहीतरी,
पोटाशी पाय घेऊन झोपलेलं.
ती कडी उचल. आता उलगड.
हळू, बोट चावते.
मधोमध बिजागरी, दाराला असते तशीच, जाडजूड,
हिरव्या रंगाचे पोपडे,
आणि चाकं इतकी बारकी
की मला हसू आलं.

हस, म्हणाली. सगळे हसायचे.
नवरा बोटीवर होता, रॉटरडॅमहून आणली.
मी सुईण. रात्री दीडला निरोप यायचा
ताडवाडीच्या चाळींतून.
मधे दांडी नाही, फ्रॉक अडकत नाही.
खाली ठेवली तर चोरतील,
म्हणून तिसऱ्या माळ्यापर्यंत माझ्याबरोबर वर.
आत बाळ रडायचं,
ही दाराआड घडी होऊन उभी.

फुकट देणार नाही. फुकटचं पुन्हा माळ्यावर जातं.
सहाशे रुपये.

हातिमभाईने तिला उलटी केली, चाक फिरवलं,
बराच वेळ फिरू दिलं.
ओरिजिनल टायर? इस जनम में नहीं.
बच्चे का लगा देता हूँ.
लहान मुलाचं टायर बसलं, लाल पट्टीचं.
कडीची पिन हरवू नये म्हणून
तिने कधीकाळी बांधलेली नाडी
तेवढी मी बदलू दिली नाही.

आता कौतुक पुरे, खरं सांगतो.
मोठ्या चाकाला जो खड्डा, तो हिला विहीर.
हँडल असं चंचल की शिंकलो तरी वळते.
हँकॉक पुलाच्या चढावर मी पाय मारतोय, मारतोय,
आणि शेजारून पाववाला
दोन पायंड्यांत शीळ घालत पुढे.
पोरं विचारतात, काका, उरलेली कुठाय?

पण भायखळ्याच्या टॉवरखाली तो वॉचमन,
वाहन लिफ्टमधून नाही, म्हणतो.
मी कडी उचलतो. खट.
हँडल खाली, सीट खाली, खट.
वाहन कुठाय?
तो माझ्याकडे बघतो, रजिस्टरकडे बघतो,
लिहितो : बॅग, एक नग.

घरी ती शिवणयंत्र आणि सिलिंडर यांच्या मधे बसते.
कुंदाने टेप लावून मोजलं,
मग काही बोलली नाही.
आमच्याकडे याला होकार म्हणतात.

तीन महिन्यांनी पुन्हा साखर.
या खेपेला शीर लगेच सापडली.
हिल्डा म्हणाली, मला खाली ने,
गल्लीतल्या क्रुसापर्यंत.
नाही म्हणायला हवं होतं. नर्सला कोण नाही म्हणणार?
सीट पार खाली केली.
तिने एक पाय उचलून पलीकडे टाकला,
उंबरठा ओलांडावा तसा, कुठे न धरता.
दुसऱ्याने जमीन ढकलली.

मी कॅरिअर धरून मागे धावतोय,
एका खिडकीतून कुणीतरी घमेलं वाजवतंय,
ती म्हणते, सोड.
मी म्हणतो, सोडलंय.
खोटारड्या, ती म्हणते, आणि घंटी वाजवते,
जिला आवाज नाही, नुसती कुरकुर.

क्रुसाशी पाय टेकले. बिस्किट दिलं.
डब्यातल्या नळ्यांचा
एक तास दहा मिनिटं अजून शिल्लक होती.